डावा कान राहिलाय

वरून बघाल तर कापूस,
गादीवाल्यानं नुकताच पिंजून ठेवलेला.
बोटं आत घाला, पार मुळापर्यंत,
तर हाताला लागतो नमदा:
घट्ट, मुका, कातडीला धरून बसलेला.

लेकीनं बंगळूरहून आणलं ह्याला.
अर्धा लॅब्राडोर, अर्धा पूडल,
दोघांचाही कामधंदा विसरलेला.
नाव ठेवलं टोफू.
आमच्या ह्यांच्या तोंडी त्याची तोफ झाली,
आणि ही तोफ चवथीच्या फटाक्यांना भिऊन
न्हाणीत चुलीमागं जाऊन बसते.
आता हर्षला लिस्बनला.
तोफ पिळगावात.

पर्वरीचा केस कापणारा साडेतीन हजार सांगतो.
वर म्हणतो, बाई, एवढी जट असेल
तर तुळतुळीतच करावं लागेल.
मी फोन ठेवला.
सोप्यावर गोणपाट पसरलं,
स्टीलची फणी, वाटीभर कॉर्नफ्लॉवर,
शिवणाच्या डब्यातली बोथट टोकाची कात्री.

आधी आंघोळ घालायची नाही,
हे एकदा घालून बसल्यावर कळलं.
भांडणात मध्ये पडणाऱ्या शेजाऱ्यासारखं
पाणी सगळं आवळून जातं.
म्हणून कोरडंच.
भांग पाडायचा, वरचे केस डाव्या हातानं दाबून धरायचे,
खालची बोटभर ओळ विंचरायची,
मग पुढची.
लावणीला बायका मागं मागं सरतात, तशी
मी त्याच्या पाठीवरून सरते.
गाठ मुळाशी चिमटीत धरली
की ओढ माझ्या बोटांना बसते, त्याला नाही.
हर्षलाच्या वेण्या घालताना
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती रडत शाळेत जायची.

कानामागं कुसळं, एक गोचीड, फणसाचा चीक.
पट्ट्याखाली गेल्या वर्षीचे केस, तसेच.
आणि पोटाला
काळंतांबडं काहीतरी, लोळागोळा.
फणी आत जाईना.
हुंगलं, आणि ओळखलं.
वंगण, आणि त्यात कालवलेली खनिजाची माती.

म्हणजे हा दुपारचा ट्रकाखाली झोपतो.

खाण बंद झाली तेव्हापासून आमचा ट्रक
माडाखाली उभा आहे.
नंबराच्या पाटीवर मिरीची वेल चढलीय.
बँकेचा शेवटचा हप्ता ह्यांनी भरला
तेव्हा चारही बाजूंनी चाकं बसली होती.
घरात तो विषय निघत नाही.
सोमवारी म्हापशाचा भंगारवाला यायचाय,
हेही मला कळलं
ते ह्यांनी टोफूला सांगितलं म्हणून.

आज तेच डोकं धरायला बसले.
कात्री पोटाशी नेली तशी त्यानं मान टाकली ह्यांच्या मांडीवर,
डोळे मिटले, पाय मात्र ताठ.
कापलेली गाठ ह्यांनी उचलली,
बोटांत चोळली, बराच वेळ.
"गिअरबॉक्सचं आहे," म्हणाले.
"अजून गळतंय. म्हणजे आत आहे."
मी काही बोलले नाही.
कात्री चालवत राहिले,
कातडी कुठं संपते आणि गुंता कुठं सुरू होतो
ते अंगठ्यानं चाचपत.

अंगणभर केस उडाले.
झाडलोट करायची राहिली, आणि बरं झालं.
दुसऱ्या सकाळपासून एक शिंजीर
चोचभर पांढरं उचलून जायला लागली.
कुठं जाते म्हणून बघितलं
तर ट्रकाच्या आरशाला लोंबतं घरटं,
कोळ्याची जाळी, सुकी पानं,
आणि दाराशी टोफूच्या पोटाचा मऊ पुंजका.

सोमवारी भंगारवाला आला,
टायरावर दोन लाथा मारल्या, पैसे काढले.
"जून सरल्यावर ये," हे म्हणाले.
"का हो?"
"भाडेकरू आहे."
तो घरभर नजर फिरवत राहिला.

लिस्बनहून फोन: मम्मी, दाखव ना त्याला!
दाखवला.
एकीकडून राजकुमार, एकीकडून पायपुसणं.
डावा कान अजून राहिलाय.
हात लावू देत नाही.
उद्या बघू, पेज खाऊन सुस्तावला की.